पतंगाचा लाल

बंगळूरला येऊन मला आठ महिने झाले होते आणि कानडीतले चार शब्द येत होते. स्वल्प, सरी, बेडा आणि आयतु. म्हणजे थोडं, बरं, नको आणि झालं. एवढ्या शब्दांवर घर चालवता येतं, हे मी स्वानुभवाने सांगते. गप्पा मात्र मारता येत नाहीत. बनशंकरीला आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर होत्या. खालच्या घरमालकीणबाई दुपारी जिन्यात भेटल्या की "ऊट आयता?" म्हणून जेवणाची चौकशी करायच्या, मी "आयतु" म्हणायचे, आणि त्या दिवसाचं माझं बोलणं तिथेच आटोपायचं.

नव्वदीची मधली वर्षं होती. नवरा कारखान्यांत यंत्रं बसवून देणाऱ्या कंपनीत होता. सोमवारी पहाटे जायचा आणि शनिवारी यायचा तो झोपायलाच. रविवारी आम्ही कोपऱ्यावरच्या बूथवरून पुण्याला आईला फोन करायचो. मागे रांग उभी असायची, त्यामुळे मी बरी आहे एवढंच सांगून व्हायचं. मी बरी नव्हते. मी इतकी एकटी होते की भाजी चिरताना रेडिओवरच्या निवेदिकेला उत्तरं देत असे, आणि तीही कानडीच बोलत असे.

हे सांगताना माझा स्वभावही सांगायला हवा, नाहीतर बिचारी वाटेन. मी तुसडी आहे, तेव्हाही होते. शेजारणींनी पहिल्या महिन्यात दोनदा हळदीकुंकवाला बोलावलं, मी डोकं दुखतं म्हणून गेले नाही. तिसऱ्यांदा कुणी बोलावलं नाही, तर त्याचाही मला राग आला.

एके दिवशी पेटेत, म्हणजे इथल्या जुन्या बाजारपेठेत, परकराचं कापड घ्यायला गेले होते. मला मांजरपाट हवं होतं. दुकानदाराने माझ्या हिंदीतून जे काढलं, त्यावरून त्याने पॉपलीन, मलमल आणि शेवटी एक चादर समोर टाकली. इतक्यात शेजारी उभी असलेली एक बाई त्याला कानडीत काहीतरी बोलली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मांजरपाट पाहिजे म्हणून सांगितलं. तुम्ही किती वेळ तेच म्हणत्यात, ह्याला कळंना."

आठ महिन्यांत अनोळखी माणसाच्या तोंडून आलेलं ते पहिलं मराठी होतं. त्यावर मी काय करावं? मी म्हणाले, "म्हणत्यात नाही, म्हणताय." आजही आठवलं की कानशिलं तापतात. ती मात्र खळखळून हसली. साठी ओलांडलेली, हडकुळी, कपाळ मोकळं, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. मला वाटलं मेंदी असेल. मग वाटलं, भाजलं असेल. तिनेच सांगितलं, रंग आहे म्हणून, पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा.

तिच्या सासरचे रंगारी. नवऱ्याचे पणजोबा की खापरपणजोबा आपल्या मुलखातून इथे आले. गाव कुठलं ते घरात कुणाला आठवत नव्हतं, मराठी तेवढं राहिलं होतं, तेही कानडीच्या पाण्यात वर्षानुवर्षं भिजलेलं. नवरा वारला होता. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि त्याने मारतहळ्ळीला फ्लॅट घेतला होता. ती पेटेतल्या चिंचोळ्या घरात एकटी राहायची. पुढे अंधार, मागे परसात भरपूर ऊन आणि एक आड. गल्लीत सगळे तिला अक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले.

रंग शिकण्याची मला काही हौस नव्हती, खोटं कशाला बोलू. मला मराठीत बोलणारं माणूस हवं होतं, आणि नुसतं बोलायला रोज कुणाच्या घरी कसं जाणार? म्हणून मी शिकवाल का, असं विचारलं. अक्काने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत जाऊन पानाचा जुना डबा आणला आणि त्यातून एक चिंधी काढली. तिच्या सासूच्या हातचा लाल. इतका खोल आणि इतका शांत लाल मी त्याआधी पाहिला नव्हता. अक्का म्हणाली, तुझा लाल ह्या लालाला लागला, की तुझं शिकणं झालं. मग इथं येऊ नको, आपल्या घरी रंगव.

असा ठराव झाला. मंगळवारी लाकूड भिजवायचं, शुक्रवारी उकळायचं. बाकीचे दिवस हे दोन दिवस यायची वाट बघायची.

परसातल्या खोलीत एक पोतं होतं. त्यात पतंगाच्या गाभ्याच्या ढलप्या. कोरड्या असताना त्या फिकट नारिंगी दिसतात, लाकूडवाल्याच्या दारातल्या कचऱ्यासारख्या. अक्का मोजून दोन ओंजळी काढायची आणि तांब्याच्या हंड्यात आडाच्या पाण्यात भिजत घालायची. तिसऱ्या दिवशी पाणी दाट लाल व्हायचं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं असायचं, नाहीतर सुताला रंग धरत नाही. मग मंद आचेवर हंडा, आणि कापड सतत खालीवर करत राहायचं. थांबलं की डाग पडतो.

परसाचा एकच कडक नियम होता. तिथे लोखंड न्यायचं नाही. लाकूड फोडायची कुऱ्हाड दाराबाहेर, बादली पितळेची, ढवळायला बांबू. पहिल्या दिवशी तिने माझ्या बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना काढायला लावल्या. लोखंड रंगाला खातं, म्हणाली. लालाचा जांभळट काळा होतो, आणि एकदा झाला की ब्रह्मदेव आला तरी परत लाल होत नाही.

आणि एक खोड होती. कापड टाकण्याआधी ती करंगळी रंगात बुडवून जिभेला लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "सरी." मलाही चाखायला लावलं. किंचित तुरट, बाकी काही नाही. चांगल्या रंगाला एवढीच चव असते, असं ती म्हणाली. मला हा प्रकार कळकट वाटला. मी पुढे कधी चाखलं नाही, आणि ती चाखते ह्याकडे लक्ष देणंही सोडून दिलं.

माझा लाल काही येईना. पहिला विटेसारखा आला, दुसरा गाजरासारखा. तिसरा इतका गुलाबी की अक्का म्हणाली, ह्याचं झबलं शिव. मी चिडायचे, ती हसायची. रंग उतरेपर्यंत जेवण व्हायचं. शुक्रवारी सकाळी मी पोचायच्या आधीच तिची दोन ताटं मांडलेली असत. ती अखंड बोलायची. नवऱ्याबद्दल, शेजारच्या भांडकुदळ म्हाताऱ्याबद्दल, सुनेच्या फ्रिजबद्दल, ज्यात म्हणे दळलेलं पीठ आठ दिवस राहतं. मी तिची मराठी सुधारणं सोडून दिलं होतं. निघताना दारात ती दर वेळी विचारायची, "मंगळवारी येतीस की?" मी "येते" म्हणायचे आणि मार्केटच्या स्टॉपवर उभी राहायचे. बसमध्ये बसले की मनात यायचं, आता तीन दिवस तोंड बंद.

श्रावणातल्या एका शुक्रवारी मी हातभर कापड रंगवून दोरीवर टाकलं होतं. अक्का आत भात वेळत होती. कापड वाळत आलं तसं मला ते दिसलं. मी डबा उघडून चिंधी शेजारी धरली. उन्हात धरली, सावलीत धरली. लागला होता. धागाभरही फरक नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली, सरळ भीती. शिकणं झालं. मग इथं येऊ नको.

मी ते कापड घडी करून पिशवीच्या तळाशी टाकलं, वर पोळ्यांचा डबा ठेवला, आणि दोरीवर मागच्या आठवड्याचा विटकरी तुकडा पाण्यात बुचकळून टाकला. अक्का आली, तिने तुकडा पाहिला आणि म्हणाली, अजून स्वल्प कमी आहे. मी मान डोलावली.

पण पुढच्या शुक्रवारी काय? हाताला एकदा जमलं की ते विसरता येत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मुद्दाम कापड कमी ढवळलं तर तिच्या नजरेतून सुटलं नसतं. सोमवारी स्वयंपाकघरात उभी असताना आईने पुण्याहून पाठवलेल्या कॅलेंडरकडे माझं लक्ष गेलं. ते ज्या खिळ्यावर टांगलं होतं, तो ओल येऊन गंजला होता. मी खिळा उपटला. कॅलेंडर तांदळाच्या डब्यावर उताणं ठेवलं.

मंगळवारी अक्काने ढलप्या भिजवल्या, आणि ती चहा ठेवायला आत गेल्यावर मी खिळा हंड्यात सोडला. शुक्रवारी रंग गाळताना चोथ्यातून तो हळूच उचलला. कापड बाहेर आलं ते जांभळट, मळकं, ढगाळलेलं. अक्काने ते उन्हात धरून पाहिलं. मग म्हणाली, आडाचं पाणी बदललं असेल. सरी. मंगळवारी परत घालू.

असे सहा शुक्रवार गेले. मला लाज वाटत होती का? सुरुवातीला वाटली. नंतर सवय झाली, आणि दोन ताटं, दोन वाट्या सार आणि भरपूर मराठी ह्यांच्यासमोर लाज फार टिकत नाही. जांभळट तुकडे अक्का फेकत नसे, घडी करून ठेवत असे. माझा नवरा एका शनिवारी म्हणाला, तू हल्ली बरी दिसतेस. मी म्हटलं, रंग शिकतेय.

नवरात्र दहा-बारा दिवसांवर आलं होतं. मंगळवारी मी पोचले तर अक्का परसात पोतं झटकत होती. खाली थोडा भुसा पडला, बाकी काही नाही. लाकूड संपलं, ती म्हणाली. मी सहज म्हटलं, मग नवीन आणू. तेव्हा तिने सांगितलं. ज्या वखारीतून गाभा यायचा ती नवऱ्याच्या हयातीतच बंद पडली होती. हे शेवटचं पोतं त्याने स्वतः बघून आणलं होतं. आणि गल्लीच्या तोंडाशी जी वीतभर उंचीची देवी आहे, तिला घटस्थापनेला नेसवायचं लाल कापड दर वर्षी ह्या घरातून जातं. रंग ह्या घरातला आणि हात घरातल्या बाईचा, असा रिवाज. सासूने केलं, तिच्या सासूने केलं. विकतचं कापड चालत नाही. "ह्या वर्षी नाही जायचं," अक्का म्हणाली, आणि पोत्याची घडी घालायला लागली.

तिने हे मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. मी तिथेच आडाच्या काठावर बसले. सहा वेळा दोन ओंजळी, मी मनातल्या मनात म्हणत होते.

पुढचे दोन दिवस मी शहर पालथं घातलं. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत गेले. मल्याळी लोक हेच लाकूड पाण्यात उकळून पितात असं कुणी सांगितलं, म्हणून त्यांच्या किराणा दुकानांत गेले. पुड्या मिळाल्या, पण त्यात बाहेरच्या सालपटाचा चुरा. घरी स्टीलच्या पातेल्यात उकळून पाहिला, तर केशरी आला. आणखी उकळला, आणखी केशरी.

लाल माझ्या कपाटात होता. श्रावणातल्या त्या शुक्रवारपासून तिथेच होता, साड्यांच्या खाली, हातभर. वीतभर देवीला पुरून उरेल एवढा. तो तिच्यासमोर ठेवायचा म्हणजे काय काय सांगावं लागेल, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी दोन दिवस भुसा उकळत बसले होते.

शुक्रवारी गेले. दोन ताटं मांडलेली होती, रंगाचं काम नव्हतं तरी. मी न बसता पिशवीतून कापड काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला खिळा काढला आणि तोही ठेवला. काय केलं ते सगळं सांगितलं. का केलं तेही सांगितलं, म्हणजे मला इथे यायचं होतं म्हणून. मी रडले नाही. मला रागच आला होता, स्वतःचा.

अक्काने डबा उघडला, चिंधी काढून कापडावर ठेवली. खिडकीशी नेऊन पाहिली. "लागलाय," ती म्हणाली. खिळ्याकडे तिने पाहिलंही नाही.

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही काही तरी बोला."

"काय बोलू? पहिल्याच शुक्रवारी जिभेला लागलं. लोखंडाची चव रक्तासारखी असती."

 सहाही शुक्रवार डोळ्यांपुढे आले. करंगळी, जीभ, मिटलेले डोळे, सरी. ती प्रत्येक वेळी चाखत होती, आणि मी तिथेच उभी होते.

"मग थांबवलं का नाही मला? लाकूड संपत होतं, तुम्हाला माहीत होतं. देवीचं कापड राहिलं असतं."

अक्का ताटाशी बसली. पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला सरकवला. मग म्हणाली, "खिळा तू टाकत होतीस पोरी. लाकूड तर मीच टाकत होते की."

आम्ही जेवलो. निघताना मी खिळा परत वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला. दारात तिने मंगळवारचं विचारलं नाही. घटस्थापनेला सकाळी ये, एवढंच म्हणाली.

घटस्थापनेला मी काठाची साडी नेसून गेले. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. पुजाऱ्याने कापड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि अक्काला कानडीत काहीतरी विचारलं. रंगवलं कुणी, हेच विचारलं असणार, कारण अक्काच्या मनगटांना आताशा ओलं कापड पिळणं झेपत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. अक्काने माझ्या दंडाला धरून मला पुढे केलं आणि म्हणाली, "मने मगळु." पुजाऱ्याने मान हलवली आणि कापड देवीला नेसवलं. मला ते दोन शब्द कळले नाहीत. विचारायचं धाडसही झालं नाही. देवी मात्र फार छान दिसत होती, आणि तो लाल माझा होता.

दसरा झाल्यावर मुलगा अक्काला घेऊन गेला. लाकूडच नाही तर इथं बसून काय करायचं, असं ती म्हणाली. हंडा तांबटाकडे गेला. जांभळट तुकड्यांच्या तिने गोधडीला घालायला पट्ट्या केल्या होत्या, त्या बरोबर नेल्या. मला काही दिलं नाही, मीही मागितलं नाही.

महिन्याभराने मी दोन बस बदलून मारतहळ्ळीला गेले. चौथा मजला. सून आणि मुलगा कामावर, अक्का टीव्हीसमोर. तिने चहा केला, सुनेचं कौतुक केलं, फ्रिजमधलं पीठ दाखवलं. कप पुढे केला तेव्हा मला तिचे हात दिसले. रंग पूर्ण गेला होता. कुणाही म्हाताऱ्या बाईचे असतात तसे पांढुरके, सुरकुतलेले हात. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ते पदराखाली घेतले. मग आम्ही हवेबद्दल बोललो. दारात ती म्हणाली, लांब पडतं तुला, सारखी येऊ नको. मी म्हटलं, येईन की. त्यानंतर माझं जाणं झालं नाही. 

त्या दुपारी घरी पोचले तर घरमालकीणबाई जिन्यात उभ्या होत्या. "ऊट आयता?" त्यांनी विचारलं. मी आयतु म्हटलं नाही. मी थांबले आणि विचारलं, "मने मगळु?" आणि हाताने खूण केली, म्हणजे काय म्हणून. त्या आधी गोंधळल्या. मग त्यांनी आपल्या घराच्या भिंतीवर हात थोपटला आणि म्हणाल्या, "मने." आत त्यांची लेक आरशासमोर वेणी घालत बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मगळु."

घरची लेक. मी सरी म्हटलं आणि वर गेले. वर्तमानपत्रातून खिळा काढला. इतक्या वेळा भिजून तो बारीक झाला होता, पण कॅलेंडरचं वजन पेलण्याइतका होता. तो परत भिंतीत ठोकला आणि कॅलेंडर टांगलं. मला आता कानडीतले सहा शब्द येत होते, आणि उद्या मंगळवार होता.